बेघर माणसाला आधी घर द्यावे की आधी उपचार?

पायवाट :
मुंबईतील बेघरांचा विषय निघाला की गाडी निवारा केंद्रापाशी येऊन थांबते. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये कानउघाडणी केल्यानंतर एक लाख लोकवस्तीमागे शंभर जणांची सोय हा निकष राष्ट्रीय योजनेत आला. 2011 च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 24 लाख होती आणि त्यांत बेघर भरले 57 हजारांच्या वर. म्हणजे निकष तंतोतंत पाळला, तरी जागा होतात साडेबारा हजारांच्या आत. पण माझा आक्षेप निवाऱ्याच्या कल्पनेलाच आहे. पंधरा-वीस वर्षे पदपथावर काढलेल्या, त्यातही मानसिक आजार किंवा व्यसन जडलेल्या माणसाला रात्रीपुरती सतरंजी देऊन ‘आधी सुधार, मग पुढचे बघू’ म्हणायचे, यात तो सुधारणार कुठे?

फिनलंडने 2008 पासून हा क्रम उलटा केला. भाडेकरार त्या माणसाच्याच नावाने होतो, दारू सोडण्याची अट नसते आणि मदतनीस हाकेच्या अंतरावर असतात. हेलसिंकीत 1985 मध्ये निवाऱ्याच्या खाटा दोन हजारांहून अधिक होत्या; 2016 पर्यंत त्या पन्नासच्या आसपास उरल्या, कारण जुने निवारेच पाडून-जोडून स्वतंत्र खोल्यांचे करण्यात आले. आपल्याकडे चेन्नईची ‘द बॅनियन’ ही संस्था 2015 पासून मनोरुग्णालयात वर्षानुवर्षे अडकलेल्या स्त्रियांना चार-पाच जणींच्या गटाने साध्या वस्तीतील भाड्याच्या घरात राहू देते. मुंबईत हे का होऊ नये?

हिशेबनीस :
कारण मुंबईत घर ही रांगेत उभे राहून मिळण्याची वस्तू आहे. फिनलंडची अख्खी लोकसंख्या 55 लाखांच्या घरात, आणि तिथे पालिकांच्या मालकीची भाड्याची घरे मुबलक. इथे गिरणी कामगार सोडतीकडे डोळे लावून म्हातारे झाले, आणि संक्रमण शिबिरात जन्मलेली मुले आज स्वतः बाप आहेत. त्यांच्या आधी खोली कोणाला, तर जो व्यसन सोडायला तयार नाही त्याला? शिवाय मुंबईच्या पदपथावर संसार मांडलेली कित्येक कुटुंबे नाक्यावर, बाजारात राबून खाणारी आहेत. त्यांचा गुन्हा एवढाच, की ती धडधाकट आहेत. करुणा जरूर असावी, पण रांग मोडून नको.

घाटमाथा :
माझा विरोध निराळ्या कारणासाठी आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वटवानी यांच्या ‘श्रद्धा’ या संस्थेने कर्जतला रस्त्यावरील हजारो मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना आपापल्या गावी पोहोचवले, 2018 चा मॅगसेसे पुरस्कार त्यासाठीच होता. आपल्याकडे माणूस भिंतींपेक्षा माणसांत बरा होतो. घरचे शोधायचे सोडून त्याला परक्या वस्तीत एकटे ठेवणे मला पटत नाही.

पुलाखालचा :
मी या क्षेत्रात काही वर्षे काम केले आहे, म्हणून थोडे लांबण लावतो.

घाटमाथा, घर सापडते तेव्हा पोहोचवावेच. पण सापडूनही दार उघडत नाही तेव्हा काय? वाटणीत भावाने हिस्सा घेतलेला असतो, नवऱ्याने दुसरे लग्न केलेले असते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 19 सांगते, की कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा घर नाही, एवढ्याच कारणाने कोणालाही मनोरुग्णालयासारख्या आस्थापनेत डांबून ठेवता येणार नाही. वाक्य उत्तम आहे. त्या माणसाला बाहेर काढून न्यायचे कुठे, हे मात्र प्रत्येक वेळी आमच्यावर येऊन पडते.

पायवाट, आपणही मामला फार सोपा केला आहे. पन्नाशीच्या एका गृहस्थांसाठी आम्ही दहा बाय दहाची खोली मिळवली. भाड्याचे पैसे होते, तरी घरमालकाला अनामत आणि पोलीस पडताळणी हवी. पडताळणीला आधार कार्ड, आणि आधारला पत्ता. खोली मिळाल्यावरही पहिला दीड महिना ते उंबऱ्याजवळ, चपला उशाशी घेऊनच झोपत, कारण पदपथावर चपला पहिल्या चोरीला जातात. त्या दीड महिन्यात रोज संध्याकाळी कोणीतरी जाऊन दार ठोठावत होते, म्हणून ते टिकले. खोलीचे भाडे एकदाचे उभे राहते, पण दार ठोठावणाऱ्या माणसाचा पगार देणगीदाराला खर्च वाटतो.

आणखी एक. कॅनडात 2009 ते 2013 दरम्यान पाच शहरांत दोन हजारांहून अधिक लोकांवर ‘आधी घर’ हा प्रयोग काटेकोरपणे तपासला गेला. घर टिकण्यात मोठा फरक पडला. आजाराची लक्षणे आणि व्यसन यांत मात्र इतरांच्या तुलनेत फारसा पडला नाही. म्हणून हे ‘औषध’ म्हणून विकू नये, घर म्हणूनच मागावे.

हिशेबनीस :
निदान हे प्रामाणिक आहे. म्हाडाच्या सोडतीला हात न लावता, मनोरुग्णालयातून सुटणाऱ्यांपुरती भाड्याची घरे आणि मदतनिसाचा पगार आरोग्य खात्याच्या अंदाजपत्रकात घालणार असाल, तर माझी हरकत नाही.

पायवाट :
म्हणजे रुग्णालयापर्यंत पोहोचला त्याला खोली, आणि उड्डाणपुलाखालीच राहिला त्याला पुन्हा सतरंजी. रांगेची एवढी काळजी असलेल्या आपण ही दुसरी रांग कोणत्या न्यायाने लावली, तेवढे सांगावे.