मांजराची खाज: औषध अंगाला लावायचं की घराला?

मिशीवाली:
परवा मैत्रिणीचा फोन आला. "मांजर सारखं मान खाजवतंय, खोबरेल तेल लावू का?" मी म्हटलं, नको. तर म्हणाली, "बरं, मग काय लावू?" या 'मग काय लावू'साठी धागा काढतेय.

मत आधीच सांगून टाकते, म्हणजे भांडायला सोपं. मांजराला खाज सुटली की घरच्या घरी अंगाला लावण्यासारखं जवळपास काहीच नसतं. जे करायचं ते घराला करायचं. अंथरुणाला, गालिच्याला, सोफ्याच्या फटींना.

कारण असं की तुम्ही जे लावाल ते चाटलं जाणार. आपल्या हातावरचं मलम हातावरच राहतं, मांजराच्या पाठीवरचं थोड्याच वेळात पोटात. बरं, पोटात गेलेलं निस्तरायला त्याचं यकृत आपल्यासारखं नाही. बरीचशी रसायनं शरीराबाहेर टाकण्याआधी त्यांना ग्लुक्युरॉनिक ॲसिड जोडावं लागतं, आणि ते काम करणारी विकरं मांजरात तोकडी पडतात. म्हणून पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराच्या जिवावर बेतू शकते. टी ट्री ऑइल अंगावर घातलेली मांजरं झोकांड्या खायला लागतात, थरथरतात. बाटलीवर 'नैसर्गिक' लिहिलेलं असतं, ते आपल्यासाठी.

आता 'सीझनल ॲलर्जी'. परागकणांची ॲलर्जी मांजरांना होते, नाही असं नाही. आपल्याला शिंका येतात, त्यांना बहुधा खाज येते. मान-डोकं ओरबाडणं, पोटावरचे नि मांड्यांच्या आतले केस चाटून सफाचट, पाठीवरून हात फिरवला की बाजरीच्या दाण्यांसारख्या बारीक खपल्या हाताला लागणं. पण पिसवांच्या ॲलर्जीतही अगदी हेच दिसतं! शिवाय उबदार दमट हवेत पिसवा वाढतात, म्हणजे त्याही सीझनलच. तेव्हा आधी पिसवा बघा. एक पांढरा टिशू पेपर ओला करून घ्या. बारीक दातांची फणी शेपटीच्या बुडाशी फिरवा, फणीत आलेले काळे कण त्या कागदावर झटका. धूळमाती असेल तर कण काळाच राहतो. पिसवांची विष्ठा असेल तर मिनिटभरात कणाभोवती तांबूस डाग पसरतो, कारण ते पचलेलं रक्त असतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला मळमळलं होतं.

खटपट्या:
सपशेल असहमत. किती घाबरवाल लोकांना?

माझी मांजर चौदा वर्षांची आहे. दर वर्षी ठरावीक दिवसांत तिला खाज सुटते. साधे ओट्स मिक्सरमधून बारीक करतो, पीठ कोमट पाण्यात कालवतो, मऊ फडकं बुडवून अंगावरून फिरवतो आणि मग साध्या पाण्याने पुसून घेतो. त्या रात्री ती शांत झोपते. दोन-तीनदा खोबरेल तेलही लावलंय. मेली नाही.

दवाखान्याचं म्हणाल तर बास्केट दिसली की ही पलंगाखाली. तिला बाहेर काढताना माझ्या हातांचे हाल, आणि परत आल्यावर दोन दिवस अन्नाला तोंड लावत नाही. 'डॉक्टरकडे न्या' हे लिहायला फार सोपं आहे हो.

भाटी_नि_मी:
मिशीवालींचं घराबद्दलचं पटलं. डॉक्टरांबद्दल मात्र मी खटपट्यांच्या बाजूची, कारण पोळलेय.

वर्षभरात माझ्या मांजरीला तीन वेळा इंजेक्शन दिलं. दर वेळी महिनाभर खाज गायब, की पुन्हा सुरू. कशाचं इंजेक्शन, हे मी तिसऱ्या खेपेला विचारलं तेव्हा कळलं: लांब मुदतीचं स्टेरॉइड. त्याने मांजरांना मधुमेह होऊ शकतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चौथ्यांदा दुसरीकडे गेले. त्या बाईंनी मांजरीला हात लावण्याआधी विचारलं, घरात आणखी कोण आहे? म्हटलं, कुत्रा आहे, पण तो अजिबात खाजवत नाही. म्हणाल्या, त्याला ॲलर्जी नसेल, पिसवा नसतील असं नाही. पिसवा निघाल्या की! ॲलर्जी असलेल्या मांजराला एक-दोन चावेही पुरतात, खाज येते ती पिसवेच्या लाळेची. दोघांनाही महिन्याच्या महिन्याला मानेवर टाकायचे पिसवांच्या औषधाचे थेंब सुरू केले, इंजेक्शन बंद.

मिशीवाली:
@भाटी_नि_मी, तुम्ही लिहिलंत त्यावर वाद घालूच शकत नाही. मी डॉक्टरांची वकील नाही. खाजेचं कारण न शोधता ती दाबून टाकणं चूक, मग ते इंजेक्शनने असो की तेलाने.

@खटपट्या, ओट्सच्या पाण्याला माझा विरोध नाही, मागे घेते. वास नसलेले साधे ओट्स असतील, कातडी फुटलेली नसेल आणि मांजर मुकाट पुसून घेत असेल तर खुशाल करा. माझं मांजर मला फाडून खाईल, तो भाग वेगळा. तेल मात्र नकोच. ते चाटलं जातं, जास्त गेलं तर जुलाब, आणि तेलकट केसांवर धूळ बसते ती निराळीच. आणि फुटलेल्या कातडीवर ॲपल सायडर व्हिनेगर लावा म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःच्या खरचटलेल्या गुडघ्यावर लावून बघावं.

अजून एक. गोल चट्टा, मध्ये केस गेलेले, वर कोंडा, असं काही दिसलं तर ते गजकर्ण असू शकतं. ते माणसांना लागतं. त्यावर घरातली स्टेरॉइडची ट्यूब चोळलीत तर आणखी पसरेल.

उशीखालचा_बोका:
धागा वाचता वाचता मीच खाजवायला लागलो. (हलकेच घ्या.)

काळजीवाहू:
मी सहसा लिहीत नाही. पण लोक हा धागा शोधत येतील म्हणून लिहितो.

कुत्र्याच्या पिसवांच्या थेंबांची नळी घरात होती. मांजर लहान, म्हणून अर्धीच टाकली. हिशोब केला होता मी. तीन-चार तासांनी तिचे कान फडफडायला लागले. मला वाटलं माशी बसतेय. मग पाय. मग सगळं अंग थडथडायला लागलं. नळीवर परमेथ्रिन लिहिलेलं होतं, आणि 'मांजरांना वापरू नये' हेही होतं, बारीक अक्षरात. फोनवर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाने मान धुतली, टॉवेलात गुंडाळून पळालो. चार दिवस ती सलाइनवर होती. वाचली.

कुत्र्याचं औषध अर्धं करून मांजराचं होत नाही.

खटपट्या:
वाईट वाटलं वाचून. पण राग मानू नका काळजीवाहू, हा घरगुती उपाय झाला का? ते तर दुकानातलं औषध. म्हणजे माझाच मुद्दा झाला, ओट्सने असं काही होत नाही.

काळजीवाहू:
राग कसला. बरोबर आहे तुमचं. फक्त त्या दिवशी मीही स्वतःला 'घरच्या घरी बघू' असंच म्हणत होतो.

पाटीपुसणी:
तेल अंगाला लावण्यापेक्षा पोटात द्या, पण कुठलं ते बघून. जवस चांगली म्हणून मी सहा महिने जवसाचं तेल घालत होते, उपयोग शून्य. जवसातलं ओमेगा-३ आपल्या कामाच्या रूपात बदलून घेणं मांजरांना जवळपास जमतच नाही. त्यांना माशांच्या तेलातलं तयारच लागतं. कॉड लिव्हर ऑइल मात्र वेगळं, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व इतकं असतं की रोज दिलं तर अंगाशी येतं. माशांच्या तेलाचाही परिणाम दिसायला दीड-दोन महिने लागतात. आज दिलं, उद्या खाज थांबली, असं होत नाही.

रात्रपाळी:
एवढी चर्चा कशाला? मी सर्दीला सेटिरिझिन घेतो, त्यातला तुकडा देतो. ॲलर्जी ती ॲलर्जी.

पाटीपुसणी:
@रात्रपाळी, डॉक्टर मांजरांना सेटिरिझिन देतात, खरं आहे. काहींना गुण येतो, काहींना ढिम्म फरक पडत नाही. पण सर्दीच्या गोळ्यांत बऱ्याचदा नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन मिसळलेलं असतं, आणि ते मांजराला घातक आहे. तुमच्या गोळीच्या पाकिटावर काय लिहिलंय?

रात्रपाळी:
बघतो.

बघितलं. टाकून दिली.

नवखी:
थोडं अवांतर. आमचा बोका फक्त पोट चाटायचा, पार गुलाबी कातडी दिसेपर्यंत. आम्ही ॲलर्जी ॲलर्जी करत त्याचं खाणं बदललं. शेवटी निघाला मूत्राशयाचा दाह. दुखत होतं म्हणून वरून चाटत होता. कुणाचा बोका मातीच्या ट्रेमध्ये सारखा जाऊन बसत असेल आणि लघवी होत नसेल तर त्याच दिवशी दाखवा, बोक्यांची लघवी तुंबली तर जीव जातो.

मिशीवाली:
अवांतर नाही, नवखी. खाण्याचा विषय निघालाच आहे तर: अन्नाच्या ॲलर्जीला ऋतू नसतो. संशय आलाच तर पूर्वी कधी न खाल्लेलं मांस असलेलं किंवा डॉक्टरांनी दिलेलं खास अन्न आठ आठवडे, मध्ये एकही चोरटा घास नाही, मग पुन्हा जुनं अन्न देऊन बघायचं. रक्ताच्या चाचणीने हे ठरत नाही.

आता घराचं लिहिते, धागा त्यासाठीच होता. अंगावर दिसणारी मोठी पिसू म्हणजे एकूण फौजेतली मूठभर. बाकी अंडी, अळ्या, कोष घरात. कोषातली पिसू महिनोन्महिने तशीच पडून राहते आणि धक्का लागला, ऊब मिळाली की बाहेर पडते. म्हणून एकदा औषध टाकून 'गुण नाही' म्हणू नका. घरातल्या प्रत्येक प्राण्याला, त्याच्या त्याच्या औषधाने, किमान तीन महिने. मांजर झोपतं ती चादर ६० अंशांच्या पाण्यात धुवायची, त्याने धुळीतले माइट्स, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किडेही मरतात. व्हॅक्यूम रोज, आणि त्यातला कचरा लगेच घराबाहेर. परागकणांचा संशय असेल तर मांजर बाहेरून आलं की ओल्या फडक्याने पंजे नि पाठ पुसा. नखं कापलेली ठेवा. एवढंच आहे, आणि भयंकर कंटाळवाणं आहे.

खटपट्या:
मिशीवाली, तुमच्या नादाने काल रात्री फणी फिरवली. टिशू पेपर ओला केला, भिंग घेऊन बसलो. नऊ काळे कण. एकही तांबडा झाला नाही. आता बोला. तीन वर्षांच्या डायरीत खाजेची नोंद आहे, दर वेळी तेच दोन महिने. परागकणच!

मिशीवाली:
डायरी ठेवता हे उत्तम, डॉक्टरांना तीच दाखवा. पण कागद कोरा निघाला म्हणून पिसवा सुटत नाहीत. खाज असलेलं मांजर दिवसभर चाटत असतं, पिसवाही गिळतं आणि पुरावाही. म्हणून आधी तीन महिने पिसवांचं औषध, तरीही खाज राहिली तर परागकणांचा विचार. परागकणांच्या ॲलर्जीची थेट चाचणी नाही, बाकीची कारणं एकेक खोडून तिथवर पोचतात.

खटपट्या:
म्हणजे सापडल्या तरी पिसवा आणि नाही सापडल्या तरी पिसवा?

मिशीवाली:
हो.

खटपट्या:
ही कसली वादाची पद्धत!

भाटी_नि_मी:
माझ्या दुसऱ्या डॉक्टरही अगदी असंच बोलायच्या. मीही असंच चिडले होते.

खटपट्या:
बरं. फोन केला दवाखान्यात. सध्या बास्केट नको म्हणाले, डायरीच्या पानांचे आणि मानेवरच्या खपल्यांचे फोटो पाठवा, आणि थेंबांची मात्रा ठरवायला वजन कळवा. ही काट्यावर दोन सेकंद टिकत नाही. शेवटी तिला उचलून मीच काट्यावर उभा राहिलो, मग खाली ठेवून पुन्हा एकटा. फरक ३.८ किलो. गेल्या वर्षी ४.४ होती. तेही कळवलं, तर म्हणाले मग बास्केट काढाच.

ओट्सचं पाणी आज रात्री अंगावरून फिरवणारच आहे.