निवेदन आणि जाहिरातीचा मजकूर, दोन्ही मिळून सांगलीत पोट भरेल का?

मिरजेची_मुलगी
बी.कॉम. झालंय. एका दुकानाचं इन्स्टाग्राम सांभाळते, त्याच्या जाहिरातीचा मजकूर लिहिते, अधूनमधून कार्यक्रमांचं निवेदन म्हणजे सूत्रसंचालन करते. घरचे म्हणतात बँकेच्या परीक्षा दे. पुण्याला न जाता हीच दोन कामं जोडून पूर्णवेळ करायची तर सुरुवात कुठून करू? दर कसा लावायचा? आणि उघड्या मैदानातल्या स्टेजवर नेमकं काय बिघडतं?

तासगाव_पूर्व
ताई, लग्न-वाढदिवसाच्या निवेदनाला गर्दी फार आणि घासाघीस त्याहून जास्त. शेतकरी मेळावे धरा. ठिबक, खतं, औषधं, रोपवाटिका, सगळ्यांना मेळावे घ्यावे लागतात आणि बहुतेक ठिकाणी कंपनीचा माणूसच माईक धरून वाचून दाखवतो. इथं एकाच गिऱ्हाइकाकडून चार कामं निघतात: निमंत्रणाचा मजकूर, स्टॉलवरचं पत्रक, निवेदन आणि मेळाव्यानंतर शेतकऱ्यांना जाणारे व्हॉट्सअ‍ॅप संदेश. चारही मिळून एक दर सांगा, सुटे सांगितले की पत्रक 'तेवढं फुकट करून द्या' होतं.

वेळ पिकावर ठरते. द्राक्षपट्ट्यात एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी वेल छाटतात ती) आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी. मेळावे त्याच्या महिनाभर आधी, म्हणून कंपनीच्या एरिया मॅनेजरला भेटायचं जानेवारीत आणि जुलैत. छाटणी सुरू झाल्यावर मांडवात कुणी येत नाही. साताऱ्या-कोरेगावकडं आल्याची लावण मे महिन्याच्या आसपास असते, तिथलं गणित त्यावर मांडा.

आता स्टेज. निमंत्रणात १० ची वेळ, माणसं जमतात ११ ला, मग दीपप्रज्वलन, स्वागत, पंचवीस सत्कार. तांत्रिक माहिती सुरू होते १ वाजता, तोवर मागून आमटीचा वास यायला लागतो आणि अर्धा मांडव ताटाकडं बघतो. कंपनीचे पैसे इथं वाया जातात. दीपप्रज्वलनानंतर लगेच २० मिनिटं पिकाची माहिती घ्या, मग सत्कार, तेही गटानं. संयोजक कुरकुरतात; निवेदकाचा खरा उपयोग हे पटवण्यात आहे.

समई वाऱ्यात पेटत नाही. वाती आधी तेलात भिजवून टोकाला कापराचा चुरा लावा आणि तेवढ्यापुरता स्टेजवरचा पंखा बंद करायला सांगा. पाहुणे काड्या ओढत बसले की लोक हसतात.

आवाज_कमी_करा
साउंडचं सांगतो. माईक हनुवटीपासून चार बोटांवर आणि किंचित तिरका धरा. सरळ तोंडासमोर धरला की 'प', 'फ', 'भ' ला फटफट आवाज येतो. जाळीवर मूठ आवळू नका, शिट्टी तिथूनच सुरू होते. दुसरं कारण म्हणजे स्पीकर बोलणाऱ्याच्या मागे लावलेले असतात. ते स्टेजच्या पुढच्या कडेच्याही पुढं घ्यायला सांगा.

गावात कर्णे खांबाखांबावर असतात. दोन कर्ण्यांत शंभर फूट अंतर असलं तर लांबचा आवाज सेकंदाच्या साधारण अकराव्या भागाइतका उशिरा पोचतो आणि शब्दावर शब्द चढतो. म्हणून वाक्यं आठ-दहा शब्दांची, प्रत्येकामागे श्वासभर थांबा. सभागृहात चालणारा वेग मैदानात चालत नाही. कॉर्डलेसचे सेल कार्यक्रमाआधी नवे घाला आणि वायरचा एक माईक स्टेजवर जोडूनच ठेवा. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद, हे पत्रिकेतच धरून चला.

हळदगल्ली
मजकुराबद्दल. 'उत्तम दर्जा, माफक दर' हे कुठल्याही पाटीवर खपतं, म्हणून कुणी वाचत नाही. बेदाणा असेल तर 'देठ काढलेला, एकसारखा दाणा, २५० ग्रॅमची डबी' असं लिहा.

पण माल माहीत करून घ्या. बेदाण्यासाठी द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून सर्रास पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, पिवळ्या मालाला गंधकाची धुरी देतात. अशा मालावर '१०० टक्के रसायनमुक्त' लिहिलंत तर तासगावात पहिला वाचणाराच तुम्हाला पकडेल. हळदीवर 'कॅन्सर बरा करते' तर मुळीच नको, १९५४ चा औषधे व जादूटोणा उपायांच्या जाहिरातींचा कायदा आहे. सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला भौगोलिक मानांकन (माल त्या भागाचाच असल्याची सरकारी नोंद, जीआय) आहे खरं, पण त्याचं चिन्ह फक्त नोंदणीकृत वापरकर्त्यालाच छापता येतं. गिऱ्हाइकाकडं प्रमाणपत्र मागा.

फ्लेक्सवर क्यूआर टाकताना अंतर भागिले दहा: दहा फुटांवरून स्कॅन करायचा तर एक फुटाचा. रस्त्यावरच्या फ्लेक्सवर टाकूच नका, चालत्या गाडीवरून कोण स्कॅन करतंय!

आणि मोजा. प्रत्येक मेळाव्याच्या पत्रकावर वेगळा शब्द द्या, 'माहितीसाठी "छाटणी" असं व्हॉट्सअ‍ॅप करा'. आठ दिवसांत किती जणांनी तो शब्द पाठवला, तो आकडा पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायचा. स्टेजवरचे फोटो सगळ्यांकडंच असतात.

बिलबुक
दर तासावर लावू नका. चार तासांच्या मेळाव्यामागं दोन भेटी, पत्रक, कार्डं, नावांची खातरजमा धरली तर पंधरा तास सहज जातात. ते धरून आकडा काढा, प्रवास वेगळा. निम्मे पैसे तारीख ठरताना, उरलेले मेळाव्याच्या दिवशी. मजकुरात दोन दुरुस्त्या, तिसरीला पैसे, हे लिहूनच द्या.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंद) करा, ती फुकट आहे. पैसे मागणारी साइट सरकारी नव्हे. नोंदणी असली की लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे देणं काम करून घेणाऱ्यावर बंधनकारक आहे. बिलावर नोंदणी क्रमांक छापा, अकाउंट्सवाले तो बघतात. जीएसटीची काळजी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे तोवर नको. गिऱ्हाइकानं बिलातून टीडीएस (आधीच कापलेला आयकर) कापला तर तो आयकराच्या साइटवर तुमच्या नावावर दिसतो का ते बघत राहा.

मिरजेची_मुलगी
खूप उपयोगी. एकच भीती आहे: चेअरमन, संचालक, सरपंच यांचा मानक्रम चुकला किंवा एखादं नाव राहिलं तर?

तासगाव_पूर्व
क्रम तुम्ही ठरवायचाच नाही. यादी संयोजकाच्या हातानं लिहून, खाली सही घेऊन ठेवा. पदं आदल्या संध्याकाळी फोनवर पुन्हा विचारा, निवडणुकीनंतर तर नक्कीच. कालचा चेअरमन आज माजी असतो. पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर एक नाव, कोपऱ्यात आकडा, म्हणजे वाऱ्यानं विस्कटली तरी लावता येतात.

नाव राहिलंच तर आभाराच्या वेळेपर्यंत थांबू नका. पुढच्या वक्त्याला बोलावण्याआधी त्यांचं स्वागत घ्या आणि 'राहून गेलं' हा शब्द तोंडातून काढू नका. शाल, श्रीफळ आणि फेटे यादीपेक्षा दोन-दोन जास्त आणायला सांगा, आणि ते स्टेजच्या मागं ठेवा, समोरच्या टेबलावर नको.