मदत हवी आहे : साथीच्या काळात मालदीवच्या रिसॉर्टमध्ये राहण्याबाबत (नागपूरहून प्रवास)

नागपूर, ७ मार्च २०२१

नमस्कार.

मार्चअखेरीस मालदीवमधील एका रिसॉर्टमध्ये काही दिवस राहण्याचे आमचे बुकिंग झालेले आहे. जावे की पुढे ढकलावे, हे याच आठवड्यात ठरवावे लागणार आहे. अलीकडे तिकडे जाऊन आलेल्या आणि वैद्यकीय जाण असलेल्या सदस्यांनी मार्गदर्शन करावे, अशी विनंती आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगते. डिसेंबरमध्ये आमचे लग्न पन्नास माणसांच्या मर्यादेत पार पडले. स्वागत समारंभाचा खर्च वाचला आणि त्या पैशांतून कुठेतरी जाऊन या, असा आग्रह घरच्यांनीच धरला. जानेवारीत नागपुरातील रुग्णसंख्या बरीच उतरलेली होती, म्हणून हिंमत केली. मालदीवने १५ जुलै २०२० पासून पर्यटकांना पुन्हा प्रवेश द्यायला सुरुवात केली, पोहोचल्यावर व्हिसा मिळतो आणि भारताशी एअर बबलचा (साथीच्या काळात ठरावीक विमानांना परवानगी देणारा दोन देशांमधला) करार असल्यामुळे मुंबईहून थेट विमान आहे, ही कारणे होतीच. परंतु आमच्या मनाने खरा कौल दिला तो तिथल्या रचनेमुळे. एका बेटावर एकच रिसॉर्ट आणि त्यावर पाहुणे व कर्मचारी सोडून तिसरे कोणी नाही, ही पद्धत तिकडे १९७२ पासून चालत आलेली आहे. साथीच्या काळात याहून चांगली सोय कोणती, असे तेव्हा वाटले.

आता चित्र पालटले आहे. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून नागपुरात रुग्ण झपाट्याने वाढत आहेत, शाळा-महाविद्यालये व मंगल कार्यालये आजपर्यंत बंद ठेवण्याचा आदेश होता आणि पुढे काय होईल याची खात्री कोणी देत नाही. घरी सासूबाईंना मधुमेह आहे, सासरे साठीच्या पुढचे आहेत. १ मार्चपासून ज्येष्ठांचे लसीकरण सुरू झाल्यामुळे दोघांना पहिली मात्रा नुकतीच मिळाली आहे, दुसरी व्हायची आहे. माझ्या पतींना सप्टेंबरच्या लाटेत कोविड होऊन गेला, मला झालेला नाही. निदान लक्षणे कधी दिसली नाहीत.

बेटावर दाखल झाल्यानंतर तिथे राहणे कितपत सुरक्षित आहे, जेवणाची व्यवस्था, खोल्यांची स्वच्छता आणि कर्मचाऱ्यांची तपासणी प्रत्यक्षात कशी असते, हा माझा मुख्य प्रश्न आहे. छायाचित्रांत सगळेच निळेशार दिसते, त्यावरून काही कळत नाही.

दुसरा प्रश्न परतीचा आहे. २२ फेब्रुवारीपासून भारतात येणाऱ्या प्रवाशांना निघण्यापूर्वी ७२ तासांच्या आतील आरटीपीसीआरचा निगेटिव्ह अहवाल एअर सुविधा पोर्टलवर चढवावा लागतो. ही तपासणी बेटावरच करावी लागेल. ती पॉझिटिव्ह आली तर पुढच्या मुक्कामाचा खर्च कोणाचा, असे आमच्या टूरवाल्यांना विचारले, तेव्हा त्यांनी ‘असे सहसा होत नाही, मॅडम’ एवढेच उत्तर दिले. करारपत्रात नागपुरातील तपासणी पॉझिटिव्ह आल्यास तारीख बदलून मिळेल असे स्पष्ट लिहिले आहे, बेटावरील तपासणीबद्दल मात्र एक ओळही नाही. पैसे परत मिळणार नाहीत, हे ठळक अक्षरांत आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. माझा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे, आधार कार्डावर मात्र सासरचे नाव चढले आहे. नागपुरातील प्रयोगशाळा अहवालावर आधारवरील नाव छापतात, असे ऐकले. यावरून विमानतळावर अडवतील का?

सल्ल्याबद्दल आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद – धरमपेठकर

आम्ही उभयता जानेवारीच्या शेवटी जाऊन आलो, त्यामुळे पाहिलेले तेवढेच लिहितो.

नावाचा प्रश्न बारीक नाही, तोच सर्वांत आधी सोडवा. अहवालावर पासपोर्टप्रमाणे नाव, प्रयोगशाळेचे नाव व पत्ता, तपासणीचा प्रकार आणि नमुना घेतल्याची तारीख असावी लागते. नमुना देतानाच पासपोर्ट दाखवून फॉर्मवर नाव तपासून घ्या, कारण एकदा आयसीएमआरच्या पोर्टलवर नोंद चढली की दुरुस्तीला वेळ लागतो आणि तेवढा वेळ आपल्याजवळ नसतो. मालदीवसाठी नमुना निघण्यापूर्वी ९६ तासांच्या आत दिलेला चालतो. पण वाटेत मुंबईला नातेवाइकांकडे मुक्काम करणार असाल तर हिशेब पुन्हा मांडा. वाटेतला थांबा २४ तासांपेक्षा लांबला तर तपासणी तिथे पुन्हा करावी लागते. सकाळी नागपूरहून निघून त्याच दिवशी मुंबईहून पुढे जाणे उत्तम. त्याशिवाय निघण्याच्या आदल्या २४ तासांत मालदीव सरकारच्या इमुगा पोर्टलवर आरोग्य घोषणापत्र भरायचे असते, त्याचा क्यूआर कोड मोबाईलमध्ये जपून ठेवा.

रिसॉर्ट सीप्लेनने जाण्याचे आहे की स्पीडबोटीने, हे आपण लिहिलेले नाही. सीप्लेन अंधारात उडत नाहीत. दुपार टळल्यावर राजधानी मालेला उतरलात तर रात्र विमानतळाजवळ हुलहुमालेत काढावी लागते, म्हणजे जी गर्दी टाळायची तिच्यातच एक मुक्काम पडतो. आमचे बेट स्पीडबोटीच्या अंतरावर होते. धक्क्यावर सामानावर फवारणी झाली, तापमान पाहिले आणि थेट खोलीकडे नेले.

बेटावर बव्हंशी उघड्यावरच वावर असतो. स्वागतकक्षाला भिंती नाहीत, जेवणाची जागा समुद्राच्या अंगाला मोकळी, आणि बुफेत पदार्थाला पाहुण्यांनी हात लावायचा नाही. मास्क व हातमोजे घातलेला माणूस वाढतो. आपल्याकडच्या लग्नांतल्या बुफेची झुंबड आठवून मला तर हायसे वाटले. पाहुणे मात्र बिनमास्क फिरतात, त्यांना कोणी काही म्हणत नाही. कर्मचारी बेटाच्या मागच्या बाजूला एकत्र राहतात, एकेका खोलीत अनेक जण. तिथे संसर्ग शिरला तर पसरायला वेळ लागणार नाही, हे उघड आहे. परतीची तपासणी रिसॉर्टच्या दवाखान्यात झाली, नमुना बोटीने मालेला गेला आणि अहवाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. त्या मधल्या वेळात समुद्राकडे फारसे लक्ष लागत नाही, एवढे सांगतो.

प्रतिसाद – मेडिकल चौक

मी व्यवसायाने डॉक्टर आहे आणि सध्या नागपुरात कोविड रुग्ण पाहतो. येथे कोणाचीही प्रकृती तपासलेली नाही, त्यामुळे हे मत सर्वसाधारण समजावे.

ताई, तुम्ही बेट सुरक्षित आहे का असे विचारले आहे. माझ्या मते तुमच्या बाबतीत त्याहून महत्त्वाचा प्रश्न निघण्यापूर्वीच्या आठवड्यात तुम्ही नागपुरात कोणाकोणाच्या संपर्कात येता, हा आहे. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच-सहा दिवस जातात, कधी चौदा दिवसही लागतात. नमुना देण्याच्या आदल्या दिवशी संसर्ग झाला असेल, तर तो अहवाल निगेटिव्ह येईल, तुम्ही आनंदाने विमानात बसाल आणि बेटावरील परतीची तपासणी पॉझिटिव्ह येईल. मोकळ्या हवेतील वावर आणि स्वतंत्र खोली यांमुळे बेटावर नवा संसर्ग होण्याची शक्यता तुलनेने कमी आहे, हे मान्य. परंतु नागपुरातील आजची वाढ पाहता, परतीच्या तपासणीचा निकाल बऱ्याच अंशी येथेच लागणार आहे. विमानतळ, विमान आणि दोन्हीकडच्या रांगा हा मधला टप्पा. तिथे एन-९५ मास्क नाकावरून खाली येऊ देऊ नये, खाण्यासाठीसुद्धा.

पतींबद्दलची शंका फारशी धरू नये. बरे झाल्यावरही विषाणूचे निर्जीव अंश काही आठवडे, क्वचित तीन महिन्यांपर्यंत आरटीपीसीआरमध्ये दिसू शकतात. सप्टेंबरला आता सहा महिने होत आले. त्या जुन्या आजारामुळे अहवाल अडकण्याची शक्यता अगदी थोडी आहे.

पॉझिटिव्ह अहवाल आलाच तर रुग्णाला विलगीकरणात राहावे लागते आणि सोबतची व्यक्ती निकट संपर्कातील म्हणून क्वारंटाइन होते. म्हणजे दोघेही साधारण दहा ते चौदा दिवस अडकणार. त्यात प्रकृती बिघडलीच तर मालेत इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय आहे, पण बेटावरून तिथपर्यंत बोटीने किंवा सीप्लेननेच जावे लागते. विम्याची पॉलिसी घेताना ‘कोविड कव्हर’ या दोन शब्दांवर थांबू नका. रुग्णालयात दाखल झाल्यास मिळणारी भरपाई आणि लक्षणे नसताना केवळ विलगीकरणासाठी कराव्या लागणाऱ्या मुक्कामाचा खर्च या दोन वेगळ्या बाबी आहेत, आणि तुम्हाला लागण्याची शक्यता दुसरीची जास्त आहे. ती पॉलिसीत समाविष्ट आहे का, हे ईमेलवर लिहून मागा. रिसॉर्टलाही विलगीकरणातील खोलीचा दर लेखी विचारा.

सासू-सासऱ्यांच्या बाबतीत मी थोडा कठोर आहे. पहिल्या मात्रेनंतर संरक्षण तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात आणि तेही पूर्ण नसते. मधुमेही रुग्णांची अवस्था किती लवकर बिघडते, हे सध्या रोज डोळ्यांसमोर आहे. गेलात तर परतल्यावर सरळ त्यांच्या घरी जाऊ नका.

प्रतिसाद – इतवारी

वैद्यकीय बाबींत माझी गती नाही. हिशेबाचे सांगतो, कारण या बुकिंगमध्ये लोक नेमके तिथे फसतात. १ ऑक्टोबर २०२० पासून परदेशी सहलीच्या पॅकेजवर ५ टक्के टीसीएस (पैसे घेतानाच विक्रेत्याने गोळा करायचा आयकर) घेतला जातो. तो खर्च नव्हे, आपला आगाऊ कर आहे आणि विवरणपत्रात मागता येतो. पॅन दिला नसेल तर दर दुप्पट. तिकडच्या दरावर १० टक्के सेवा शुल्क, १२ टक्के पर्यटन वस्तू व सेवा कर आणि दर माणशी दर दिवसाला ६ डॉलर हरित कर लागतो. विलगीकरणात मुक्काम वाढला तर वाढीव दिवसांवर हे सगळे पुन्हा लागेल की सवलत मिळेल, हेही डॉक्टरसाहेबांनी सुचवलेल्या ईमेलमध्ये विचारून टाका.

दुसरे असे की सीमा बंद व्हायला वेळ लागत नाही. गेल्या मार्चमध्ये मालदीवने पर्यटकांना दारे बंद केली, भारताने आंतरराष्ट्रीय विमाने थांबवली, आणि तिथे अडकलेल्या आपल्या ६९८ माणसांना मे महिन्यात आयएनएस जलाश्व या नौदलाच्या जहाजाने कोचीला आणावे लागले. दक्षिण आफ्रिकेचे एक नवविवाहित जोडपे तर एका रिसॉर्टवर शेवटचे पाहुणे म्हणून उरले होते, वर्तमानपत्रांत गाजले होते ते. वाचायला मजेशीर, पण त्यांचे बिल कोणी छापले नाही.

धागाकर्ती – १३ मार्च २०२१

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, आपल्या प्रतिसादाने विचाराची दिशाच बदलली. आम्ही बेटाचीच चिंता करत होतो आणि इकडे निघण्याच्या आधीच्या आठवड्यात पतींना कार्यालयात जाणे, माझ्या मावसबहिणीचा साखरपुडा आणि बर्डीवरची खरेदी असे सगळे ठरलेले होते.

रिसॉर्टला थेट ईमेल केला, टूरवाल्यांना मध्ये न घेता. दोन दिवसांत सविस्तर उत्तर आले : पॉझिटिव्ह आल्यास विलगीकरणासाठी वेगळ्या खोल्या राखलेल्या आहेत, दरात सवलत मिळेल पण खर्च पाहुण्याचा, आणि जेवण दाराशी ठेवले जाईल. विमा कंपनीने ‘रुग्णालयात दाखल झाल्यासच’ असे कळवले. दोन्ही उत्तरे समोरासमोर ठेवून आकडा मांडला, तेव्हा तो मूळ सहलीच्या खर्चापेक्षा वर गेला. त्यातच परवा १५ ते २१ मार्च या काळात शहरात कडक टाळेबंदी जाहीर झाली.

आम्ही सहल पुढे ढकलली आहे. टूरवाले सुरुवातीला तयार नव्हते. रिसॉर्टने तारीख बदलण्यास हरकत नसल्याचे लिहून दिले होते, तो ईमेल त्यांना पाठवल्यावर त्यांनी वर्षअखेरपर्यंतची मुदत दिली. विमानाच्या तिकिटाचा फरक भरावा लागेल. मे ते ऑक्टोबर तिकडचा पावसाळी काळ असल्यामुळे आम्ही डिसेंबरच धरून चाललो आहोत. तोपर्यंत घरातल्या मोठ्यांच्या दोन्ही मात्रा झालेल्या असतील आणि माझ्या पासपोर्टवरील नावाचे कामही उरकून घेता येईल.

एक शेवटची शंका इतवारीकर काकांना : टीसीएस या आर्थिक वर्षात कापला गेला आणि प्रवास मात्र पुढच्या वर्षात होणार. मग तो कोणत्या विवरणपत्रात मागायचा?

प्रतिसाद – इतवारी

ज्या वर्षाच्या फॉर्म २६एएसमध्ये (आयकर खात्याकडील आपल्या जमा कराचा तक्ता) तो जमा दिसेल, त्याच वर्षाच्या विवरणपत्रात मागावा. प्रवास केव्हा होतो याच्याशी त्याचा संबंध नाही. एप्रिल-मेमध्ये २६एएस उघडून पहा, आणि नोंद दिसली नाही तर टूरवाल्यांकडून फॉर्म २७डी हे प्रमाणपत्र मागून घ्या. पॅकेज दोघांच्या नावे असले तरी पावती ज्यांच्या पॅनवर असेल, त्यांनाच ते मिळेल.