सीडी प्लेअर आरसीएने लावू की ऑप्टिकलने? फरक ऐकू येतोय पण कारण कळेना

तबकडीवाला:
मंडळी, बाबांचा सीडी प्लेअर आणि टर्नटेबल माळ्यावरून खाली काढलं, बेल्ट बदलला, आता दोन्ही एव्हीआरला (होम थिएटरचा अँप) जोडलंय (५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी वेगळा सबवूफर, म्हणजे सब). सीडी प्लेअरला दोन्ही वायरी लावून ठेवल्यात, लाल-पांढरी आरसीए (अ‍ॅनालॉग) आणि ऑप्टिकल (डिजिटल), म्हणजे रिमोटने इनपुट बदलून बदलून ऐकता येतं. सीडी तीच, गाणं तेच, तरी आरसीएवर आवाज भरलेला वाटतो आणि ऑप्टिकलवर सपाट. दुकानदार म्हणाला अ‍ॅनालॉग ते अ‍ॅनालॉगच, आणि लगेच नऊ हजारांची वायर गळ्यात मारायला लागला. पण प्युअर डायरेक्ट (आवाजावरची प्रक्रिया बंद करणारं बटण) दाबलं की तीच आरसीए पातळ होते आणि सब एकदम गप्प! सब गेला का?

खर्जातला:
सब ठणठणीत आहे, घाबरू नका. एव्हीआरमध्ये बास वेगळा काढून सबला देणं, रूम करेक्शन (खोलीप्रमाणे आवाज जुळवणं), स्पीकरचा डिले हे सगळं डीएसपी (आवाजावर हिशोब करणारी चिप) करतो आणि त्याला फक्त आकडे कळतात. त्यामुळे तुमचा आरसीएचा सिग्नल आत गेल्या गेल्या परत डिजिटल होतो. म्हणजे बघा, सीडीवरचे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ प्लेअरच्या डॅकने (आकड्यांचा आवाज करणारी चिप) अ‍ॅनालॉग केले, वायरीतून गेले, एव्हीआरने पुन्हा डिजिटल केले, मग शेवटी पुन्हा अ‍ॅनालॉग. ऑप्टिकलमध्ये मधली ही ये-जा वाचते. प्युअर डायरेक्टमध्ये डीएसपीच बाजूला पडतो, म्हणून बऱ्याच मॉडेलमध्ये सब बंद, आणि छोट्या स्पीकरना खर्ज झेपत नाही.

मीटरबहाद्दर:
आधी लेव्हल मोजा हो! एखाद डीबी (डेसिबल) जास्त असला तरी कानाला "मोठा" नाही वाटत, "भरलेला" वाटतो, इथेच सगळे फसतात. सीडीआरवर ४०० हर्ट्झचा टोन टाका, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर एसी व्होल्टला लावा (प्रोब एकमेकांना टेकू देऊ नका, अँप जाईल) आणि दोन्ही इनपुटचा आकडा बघा. १००० चा टोन नको, स्वस्त मीटर तिथे गंडतात. मी दोन वर्षं आरसीएच्या गोडव्यावर भांडलोय, लेव्हल सारखी केल्यावर न बघता १२ पैकी ७ वेळा ओळखलं, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. आणि हो, साउंड मोड प्रत्येक इनपुटला वेगळा लक्षात राहतो, तोही बघा.

तबकडीवाला:
बरं, मग एलपीचं काय? ती पण आत डिजिटल होते?

खर्जातला:
डायरेक्ट नसेल तर हो. पण तिथे आधी फोनो स्टेज (टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) बघा, एमएम कार्ट्रिज (सुई बसवलेला चुंबकाचा भाग) जेमतेम ५ मिलिव्होल्ट देतं, सीडी प्लेअर २ व्होल्टपर्यंत. साध्या लाइन इनपुटला लावलंत तर मच्छर गुणगुणल्यासारखं ऐकू येईल आणि आरआयएए करेक्शन (तबकडी कापताना कमी केलेला बास परत भरणं) नसल्यामुळे बास गायब. ५० हर्ट्झची घुंई आली तर टर्नटेबलची अर्थिंगची बारीक वायर एव्हीआरच्या स्क्रूला कसा. ऑप्टिकलला ती भानगडच नाही, आत नुसता उजेड जातो.

तबकडीवाला:
मोजलं. आरसीए ०.९ व्होल्ट, ऑप्टिकल ०.८, म्हणजे साधारण १ डीबी! सेटिंगमध्ये आरसीएची सोर्स लेव्हल उणे १ केली. काल रात्री बायको इनपुट बदलत होती, मी डोळे मिटून बसलेलो, १० पैकी ५ बरोबर 😅 सीडी आता ऑप्टिकलवर. एलपी मात्र डायरेक्टवरच, सब नसला तर नसो, बाबा म्हणाले त्यांच्या जुन्या सेटवर असंच वाजायचं.