शब्दचर्चा : 'लेझर बॅटरी'ला मराठीत काय म्हणावं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून दरवर्षी आषाढीला छोटी दिंडी निघते. सामानाला एक जुनी ट्रॅव्हलर सोबत असते. तिच्या टपावर आम्ही १६० वॅटच्या दोन सोलर प्लेटा बसवल्या. रात्री मुक्कामाला दोन दिवे, म्हाताऱ्या माणसांसाठी एक पंखा आणि वीसेक मोबाईल, एवढं चाललं की झालं. कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी, बांधणाऱ्या पुण्याच्या एका नातेवाइकाला फोन लावला. तो म्हणाला, "प्लेट कंट्रोलरला जोड, कंट्रोलर लेझर बॅटरीला जोड, आणि गाडीची बॅटरी वेगळीच राहू दे." कंट्रोलर म्हणजे प्लेटीची वीज बेतानं बॅटरीत सोडणारं खोकं.

मी दुकानात जाऊन 'लेझर बॅटरी' मागितली. लेझर म्हटल्यावर आपल्याकडे डोळ्याचं ऑपरेशन आठवतं. दुकानदारानं दोनदा विचारलं, मग "गाडीतच लावायची ना?" म्हणून ट्रकची बॅटरी दिली. ती रोज रात्री पार उतरायची. दुसऱ्या वर्षी आषाढी यायच्या आधीच बसली. दुकानदाराला मी दोष देत नाही. त्याला नीट सांगता येईल असा शब्दच माझ्याजवळ नव्हता, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण पैसा वर्गणीचा होता.

मूळ इंग्रजी शब्दात किरणांचा लेझर (laser) नाही, फुरसत (leisure) आहे. ब्रिटनमध्ये लोक सुटीत कॅरॅव्हॅन घेऊन फिरतात, म्हणून ती फुरसतीची बॅटरी. अमेरिकेत हिलाच 'हाउस बॅटरी' म्हणतात. देवनागरीत मात्र दोन्ही लेझर सारखेच लिहिले जातात, घोळ तिथेच होतो.

फरक नावापुरता नाही. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीत शिशाच्या पातळ पट्ट्या पुष्कळ असतात. सेल्फ मारला की क्षणभर शेकडो अँपिअर द्यायचे, मग गाडी चालू लागली की परत भरून घ्यायचं, एवढंच तिचं काम. दुसरीच्या पट्ट्या जाड. ती थोडं थोडं, पण रात्रभर देते. तीही शिशाची असेल तर निम्म्याच्या खाली उतरवू नये. म्हणजे १२ व्होल्टची १०० एएचची (अँपिअर-तासांची) असली तरी हिशेबात ६०० वॅट-तासच धरायचे. आमचा रात्रीचा खर्च साधारण तेवढाच येतो : दिवे १००, पंखा सव्वादोनशे, मोबाईल ३००. लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतली तर ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते. किंमत जास्त, वजन कमी.

आता शब्द. 'फुरसतीची बॅटरी' मला पटत नाही. पहाटे तीनला उठून चूल पेटवणाऱ्या बायांच्या गाडीत फुरसत कुठली? 'घरची बॅटरी' म्हणावं तर ती इन्व्हर्टरची वाटते. 'साठवण बॅटरी' म्हणावं तर प्रत्येकच बॅटरी साठवते. माझं मत 'मुक्कामी बॅटरी'. गाडी थांबली, इंजिन बंद झालं, की हिचं काम सुरू होतं. जाणकारांनी सांगावं.

वर्ध्याहून एक शिक्षक : सर, शब्द गोड आहे, पण शंका आहे. पत्त्यावर आपण 'मु. पो.' लिहितो, तिथे मुक्काम म्हणजे कायमचं राहणं. 'मुक्कामी बॅटरी' ऐकून कोणाला वाटेल, एका जागी पक्की बसवलेली. 'शिसे-आम्ल विद्युत घट' असा शास्त्रीय शब्द आहे, तो का नको? एक जोड देतो : 'बॅटरी' हा शब्दही आधी तोफांच्या रांगेचा. बेंजामिन फ्रँकलिननं १७४९ च्या सुमारास वीज साठवणाऱ्या काचेच्या बरण्या ओळीनं जोडल्या आणि त्या मांडणीला तो वापरला. आपल्याकडे तोच शब्द हातातल्या टॉर्चलाही चिकटला. "बॅटरी घेऊन वावरात जा" यातली बॅटरी वेगळीच.

मूळ लेखक : सर, 'शिसे-आम्ल' पोटात काय आहे ते सांगतो. काम काय ते सांगत नाही, कारण ट्रकची बॅटरीसुद्धा शिसे-आम्लच. मु. पो.चं म्हणणं खरं आहे. पण खेड्यात 'मुक्कामी एसटी' कोणालाही समजते : रात्री गावात थांबणारी, पहाटे निघणारी. माझा भरवसा त्या अर्थावर आहे. हे वाक्य बघा : "मुक्कामी बॅटरी उतरली, पण सेल्फची शाबूत आहे, सकाळी गाडी निघेल." दोन बॅटऱ्या वेगळ्या का ठेवायच्या ते या एका वाक्यात येतं. शिवाय 'उतरली' आणि 'बसली' हे आपले शब्द जपायला हवेत. उतरलेली भरता येते, बसलेली गेली. 'डिस्चार्ज'नं हा भेद निघत नाही.

चंद्रपूरकडून एक ताई : आमच्या वावरात रानडुकरांसाठी झटका मशीन आहे. तीच प्लेट, तीच १२ व्होल्टची बॅटरी. कंट्रोलरला आमचे सासरे 'जागल्या' म्हणतात. दिवसा बॅटरी ओसंडू देत नाही, रात्री तिची वीज उलटी प्लेटीत जाऊ देत नाही. हा शब्द चालेल का? आणि उन्हाचं विचारायचं होतं, मे महिन्यात उलट कमी भरते असं का?

मूळ लेखक : ताई, 'जागल्या' बोलण्यात शंभर टक्के घ्यावा. लिहिताना मी 'कंट्रोलर'च ठेवीन, कारण खोक्यावर तेच छापलेलं असतं आणि दुकानात तेच मागावं लागतं. उन्हाचं असं की प्लेटीला उजेड हवा, ताप नको. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के वीज घटते. चंद्रपूरच्या मे महिन्यात प्लेट ६५ अंशांपर्यंत तापली, तर सोळा टक्के गेलेच. म्हणून टपाला चिकटवू नका, खालून वारा जाऊ द्या. आषाढात आमची अडचण उलटी. आभाळ भरलेलं असलं की दोन प्लेटांतून मोबाईलपुरतंही कठीण होतं.

गाड्यांची वायरिंग करणारा, पुसद : भाऊ, माह्या दुकानात कोणी 'लेझर बॅटरी' मागतली असती तर मीबी तेच देलं असतं. 'मुक्कामी' म्हनलं असतं तर इचारलं असतं, रातभर काय चालवता? तिथूनच सारं निघते. पन शब्दासंगं जोडनीबी लिहा. कंट्रोलरले आधी बॅटरी जोडायची, मंग प्लेट. काढतानी आधी प्लेट. नाई तं काही कंट्रोलर बॅटरी बाराची की चोवीसची हेच वळखत नाई. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत. मिक्सर लावसान तं इन्व्हर्टर पाह्यजे, अन् ५०० वॅटचा मिक्सर १२ व्होल्टवर पन्नासेक अँपिअर वढते, तिथं बारीक वायर जळते.

मूळ लेखक : मिक्सर नाही, पाटा-वरवंटा आहे सोबत. वीतभराचं मात्र माझं चुकलं होतं. फ्यूज कंट्रोलरजवळ लावला होता, म्हणजे बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर फ्यूजच्या राखणीविनाच. उद्या बदलतो. दोन्ही पेट्यांवर ऑइल पेंटनं नावं घालतो : एकीवर 'सेल्फ', दुसरीवर 'मुक्कामी'.