आईची क्वांटिफेरॉन (टीबीची ब्लड टेस्ट) पॉझिटिव्ह, तरी मणक्याची बायोप्सी कशाला?

प्रश्न (सक्करदरा, नागपूर): आईची पाठ तीन महिन्यांपासून दुखते, कूस बदलतानाही कळवळते, एमआरआयमध्ये टीबीचा संशय आहे अन् ब्लड टेस्ट पॉझिटिव्ह, मग औषध सुरू करायला काय हरकत?

उत्तर: ती टेस्ट पेशींनी सोडलेलं इंटरफेरॉन गॅमा मोजते, म्हणजे टीबीचे जंतू कधीतरी शिरले होते एवढंच कळते, आपल्याकडे धडधाकट माणसाचीही पॉझिटिव्ह येते. बायोप्सी कराच. तुकडा सीबीनॅट (जंतूंचा डीएनए शोधणारी टेस्ट) अन् कल्चरला (जंतू वाढवून बघायला) द्या, तो फॉर्मेलिनमध्ये नको, त्यात जंतू मरतात, सलाइनमध्ये द्या, हे आधीच विचारून घ्या. माझ्या बाबांचा सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये गेला, कल्चर झालंच नाही.

दुसरं उत्तर: टीबीची अँटिबॉडीवाली ब्लड टेस्ट (ही क्वांटिफेरॉनपेक्षा वेगळी) तर करूच नका, २०१२ पासून बंदी आहे. पायातली ताकद कमी वाटली तर लगेच दवाखाना गाठा.