सांगोला विधानसभा मतदारसंघ : १९७४ च्या पोटनिवडणुकीचे आकडे आणि जुन्या सीमा यांविषयी मदत हवी आहे

नमस्कार.

माझे मूळ गाव सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुक्यात आहे. गावच्या वाचनालयासाठी तालुक्याच्या माहितीची एक वही मी गेल्या वर्षापासून तयार करतो आहे आणि तिच्यातले विधानसभा निवडणुकांचे प्रकरण एका जागी अडले आहे. जाणकारांपैकी कोणी वाट दाखवली तर फार उपकार होतील.

अडचण अशी आहे. शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) गणपतराव देशमुख, म्हणजे आमच्याकडचे आबासाहेब, सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आले, हे तालुक्यातले शाळकरी पोरही सांगते. मात्र निवडणूक आयोगाचे सार्वत्रिक निवडणुकांचे सांख्यिकी अहवाल एकापुढे एक ठेवून मोजले, तर विजय दहाच भरतात : १९६२, १९६७, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. उरलेला एक विजय १९७४ च्या पोटनिवडणुकीतला आहे, आणि पोटनिवडणुकांचे निकाल या अहवालांत येत नाहीत. त्यामुळे माझ्या तक्त्यात बाकीच्या सर्व ओळींत उमेदवार, पक्ष आणि मते आहेत. १९७४ च्या ओळीत मात्र विजयी उमेदवाराच्या नावापलीकडे काही नाही.

ही ओळ मोकळी ठेवून पुढे जाता आले असते, पण माझ्या मते सांगोल्याच्या राजकारणातले सर्वांत महत्त्वाचे वळण तीच आहे. १९७२ साली राज्यात काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा जिंकल्या, शेतकरी कामगार पक्षाच्या वाट्याला जेमतेम सात आल्या, आणि सांगोल्यात दोनदा निवडून आलेले गणपतराव काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटील यांच्याकडून पराभूत झाले. पुढे काकासाहेबांच्या निधनामुळे जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणूक लागली. या दोन मतदानांच्या मध्ये १९७२ चा दुष्काळ येऊन गेला होता. माण नदीच्या काठचा हा कायम अवर्षणग्रस्त तालुका, घरटी माणसे खडी फोडायला आणि नालाबांधाच्या कामावर गेलेली. अशा वेळी मतदान वाढले की घटले, काँग्रेसची मते तुटली की घरी बसलेली माणसे बाहेर पडली, हे आकड्यांशिवाय कळणे शक्य नाही. त्या विजयानंतर गणपतराव सलग एकवीस वर्षे आमदार राहिले आणि १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीच्या मंत्रिमंडळात मंत्रीही झाले, म्हणून मला ही जागा नुसते ‘विजयी’ असे लिहून भरायची नाही.

दुसरा प्रश्न सीमांचा आहे. ‘सांगोला म्हणजे आबांचा बालेकिल्ला’ असे सरसकट लिहिले जाते. त्यांच्याविषयीचा आदर माझ्याही मनात आहे, पण आकडे याहून गुंतागुंतीचे आहेत. १९९५ साली शहाजीबापू पाटील यांनी काँग्रेसतर्फे त्यांना अवघ्या १९२ मतांनी हरवले. २०१९ मध्ये वयोमानामुळे गणपतराव उभे राहिले नाहीत, तेव्हा त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांचा शिवसेनेच्या शहाजीबापूंनी ७६८ मतांनी पराभव केला. जुलै २०२१ मध्ये गणपतराव गेले. २०२४ मध्ये त्यांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी शहाजीबापूंवर २५ हजारांहून अधिक मतांनी विजय मिळवला, आणि शेकापची राज्यातली ती एकमेव जागा ठरली. या तिन्ही निकालांची तुलना करण्याचा मोह होतो, परंतु २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर पंढरपूर तालुक्यातील भाळवणी महसूल मंडळ या मतदारसंघात आले आहे, म्हणजे १९९५ चा आणि २०१९ चा सांगोला मतदारसंघ एकच नव्हे. ७६८ मतांचा निकाल एखाद-दुसरे मोठे गावही फिरवू शकते. म्हणून २०१९ चा ‘नमुना २०’, म्हणजे मतदान केंद्रनिहाय निकालपत्रक, घेऊन मी सांगोला तालुक्यातील आणि तालुक्याबाहेरील केंद्रे वेगळी करतो आहे. हे काम किचकट असले तरी होण्यासारखे आहे.

त्याच्या मागे गेले की हात टेकतात. मतपत्रिकांच्या काळात मोजणीआधी निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळण्याची तरतूद नियमांत होती. ती १९९५ मध्ये सांगोल्यात वापरली गेली असेल, तर गावनिहाय आकडे मुळात तयारच झाले नसणार आणि त्यांच्या शोधात वेळ घालवण्यात अर्थ नाही. त्या मोजणीला प्रतिनिधी किंवा कर्मचारी म्हणून बसलेले कोणी येथे असतील, अथवा कोणाच्या घरातील वडीलधारे बसले असतील, तर टेबलावर गठ्ठे कसे येत होते एवढे विचारून सांगावे.

१९७४ साठी मला तीन मार्ग सुचतात : त्या वर्षाचे शासकीय राजपत्र, विधान भवनाचे ग्रंथालय, आणि सोलापूरच्या ‘संचार’ दैनिकाचे जुने अंक. राजपत्रातील निवडीच्या अधिसूचनेत निवडून आलेल्याचे नाव असते, उमेदवारनिहाय मते नसतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून वृत्तपत्राच्या अंकांवर माझी अधिक भिस्त आहे. ते कोणत्या ग्रंथालयात बांधीव स्वरूपात पाहायला मिळतात आणि बाहेरच्या वाचकाला परवानगी कशी मिळते, हे अनुभवातून कोणी सांगू शकेल का? जिल्हा निवडणूक शाखेत पन्नास वर्षांपूर्वीच्या पोटनिवडणुकीचे निकालपत्रक जपले जाते का, आणि माहिती अधिकाराच्या अर्जात ते नेमक्या कोणत्या नावाने मागावे, हेही हवे आहे. मी एकदा एका कार्यालयात तोंडी विचारले, तेव्हा ‘सांगोल्याचे सगळे निकाल’ अशा मोघम मागणीवर काही देता येणार नाही, असे उत्तर मिळाले, आणि विचार करता ते रास्तच होते.

१९७८ पूर्वीच्या सीमांसाठी परिसीमन आयोगाच्या, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी ठरवणाऱ्या आयोगाच्या, जुन्या आदेशांची प्रत, विशेषतः सोलापूर जिल्ह्याची पाने, कोणाकडे असल्यास त्यांचे छायाचित्रही चालेल. राज्यातील जागा १९६२ मध्ये २६४, १९६७ मध्ये २७० आणि १९७८ मध्ये २८८ झाल्या. त्या प्रत्येक फेरीत सांगोल्याच्या हद्दीतून कोणती गावे गेली व कोणती आली, हे मला गावांच्या नावांनिशी नोंदवायचे आहे. मंगळवेढा आणि आटपाडीच्या बाजूच्या वाचकांनी आपल्याकडचे जुने मतदार ओळखीचे कागद किंवा मतदारयादीची पाने पाहिली, तरी त्यांवरील मतदारसंघाचे नाव आणि वर्ष एवढ्यावर माझे बरेच काम भागेल.